दगड घासताना काचेचा भराव: कुठे चालतो, कुठे नडतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फिरत्या ड्रममध्ये दगड घासून चकचकीत करण्याच्या छंदाविषयी हल्ली बरेच लिहिले जाते. त्यात एक सल्ला हमखास असतो: ड्रम पुरेसा भरत नसेल तर फुटक्या बाटल्यांची काच टाका, फुकट मिळते आणि टाकाऊतून टिकाऊ होते. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. पण त्या अर्धवटपणापायी तीन आठवडे फिरवलेला अकीक (ॲगेट, गारगोटीच्याच कुळातला दगड) चौथ्या आठवड्यात बिघडतो, आणि बिघडला कशाने हेही कळत नाही. काच कोणती घ्यावी, किती टाकावी, चार टप्प्यांपैकी (भरड, मध्यम, बारीक आणि पॉलिश) कोणत्या टप्प्यात टाकावी आणि मुख्य म्हणजे कधी काढून घ्यावी, हे तपशिलात सांगण्यासाठी हे पत्र.

आधी भराव लागतोच कशाला ते पाहू. ड्रम फिरू लागला की दगड एका बाजूने वर चढतात आणि सर्वांत वरचा थर दरड कोसळावी तसा खाली घसरत येतो. खरी घासाघीस होते ती या घसरत्या थरात. ड्रम दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरलेला असेल तर हा थर नीट घसरतो. निम्म्याहून कमी भरला तर दगड घसरत नाहीत, पडतात. एकमेकांवर आपटून त्यांचे टवके उडतात. तीन चतुर्थांशाच्या बरेच वर गेले तर थराला हलायला जागाच राहत नाही आणि आठवडाभर वीज जाळून दगड होते तसेच निघतात. कानाला हे लगेच कळते. नीट भरलेल्या ड्रममधून एकसारखी सरसर येते, अर्ध्या रिकाम्या ड्रममधून धप्प धप्प.

जागा भरण्याखेरीज भराव आणखी दोन कामे करतो. मोठ्या दगडांमधल्या फटी बुजवून तो त्यांची थेट टक्कर टाळतो. आणि दगडाच्या खळग्यात, जिथे दुसरा मोठा दगड पोचत नाही, तिथे ग्रिट (घासणारी सिलिकॉन कार्बाइडची कठीण भुकटी) नेऊन पोचवतो. ही दोन्ही कामे होतात भरावाच्या लहान आकारामुळे. म्हणूनच ‘काच दगडांना गादीसारखी जपते’ या म्हणण्यात तथ्य नाही. काच मऊ नसते, लवचीकही नसते. गादीचे काम करतो तो बारीकपणा, मग खडा काचेचा असो, सिरॅमिकचा असो की गारगोटीचा.

काचेच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. बाटलीच्या काचेची घनता २.५ च्या आसपास असते आणि गारगोटीची २.६५. दोन्ही इतक्या जवळच्या की काच दगडांत सगळीकडे सारखी मिसळून राहते. प्लास्टिकचे दाणे तसे राहत नाहीत. पॉलिथिलीन पाण्याहून हलके, त्यामुळे राड (पाणी, ग्रिट आणि झिजलेली पूड यांचे मिश्रण) जरा पातळ झाली की दाणे वर तरंगतात आणि दगड खाली एकमेकांना भिडतात. शिवाय ग्रिटचे कण प्लास्टिकच्या अंगात रुततात आणि कितीही धुतले तरी निघत नाहीत. काच त्या मानाने स्वच्छ धुता येते, बशर्ते तिला चिरा नसतील. ही अट छोटी दिसते, पण पुढचे सगळे दुखणे तिच्याशीच निगडित आहे.

काच फुटते ती शंखाभ भंगाने, म्हणजे शिंपल्याच्या आतल्या वळणासारखा गुळगुळीत टवका उडतो आणि त्याची कड पात्यासारखी धारदार असते. नुसता टवका उडाला असता तर प्रश्न नव्हता. पण ज्या आघाताने टवका उडतो, तसेच थोडे कमी जोराचे आघात काचेत केसाएवढ्या चिरा पाडून थांबतात. गोट्यांवर नखाएवढ्या चंद्रकोरी दिसतात त्या याच. पहिल्या टप्प्यात या चिरांत ग्रिटचे झिजून बारीक झालेले कण शिरतात आणि बसून राहतात. पुढच्या टप्प्यात चीर वाढते, कपची सुटते आणि आत दडलेला ग्रिट मोकळा होतो.

इथे एक रूढ समजूत दुरुस्त केली पाहिजे. ‘काचेच्या कपच्या अकिकाला ओरखडे पाडतात’ असे सर्रास सांगितले जाते. फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठिनतेची जी श्रेणी मांडली, तिच्यावर साध्या काचेची कठिनता सुमारे ५.५ येते, अकीक आणि त्याच कुळातला जास्पर ६.५ ते ७ वर असतात. दगडापेक्षा वीट मऊ, तशीच काचही मऊ. ती अकिकावर रेघ ओढू शकत नाही. रेघ ओढतो तो काचेने सांभाळून आणलेला सिलिकॉन कार्बाइड, ज्याची कठिनता ९ च्या वर आहे. ग्रिटचा नंबर जितका मोठा तितका कण बारीक: ६० नंबरच्या ग्रिटचा कण साधारण पाव मिलिमीटरचा, तर पॉलिशच्या पुडीचा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. पहिल्या टप्प्यातला चिमूटभर ग्रिट चौथ्या टप्प्यात सुटला, तर चकाकी येणे तर दूरच, आधी आलेली झिलईसुद्धा धुरकट होते. हा फरक समजून घ्यायचा तो उपाय बदलतो म्हणून. कपच्या चाळून काढल्या की भागले असे वाटते, पण बिघाड करणारा कण चाळणीतून कधीच गेलेला असतो.

फ्लुओराइट (४), कॅल्साइट (३) अशा मऊ खनिजांची गोष्ट वेगळी. त्यांना काच स्वतःच ओरखडते. त्यांच्या ड्रममध्ये काच कोणत्याही टप्प्यात नको. ऑब्सिडियनबरोबरही नको. तो मुळात निसर्गात तयार झालेली काचच, कठिनता ५ ते ५.५. काच आणि ऑब्सिडियन एका ड्रममध्ये फिरले की दोघेही एकमेकांच्या कडा ठेचतात.

आता खरी अडचण. पहिल्या, भरड टप्प्यात ड्रम बहुधा दगडांनीच भरता येतो. ओबडधोबड माल भरपूर असतो, अजून चार दगड टाकले की झाले. भरावाची गरज भासते ती नंतर. भरड घासणीत दगडांचे आकारमान लक्षात येण्याइतके घटते, तडे गेलेले दगड बाजूला काढावे लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात ड्रम अर्ध्यावर येतो. म्हणजे भराव हवा असतो शेवटच्या टप्प्यांत आणि काच बिनधोक चालते ती सुरुवातीच्या. ‘काच टाका’ हा सल्ला बहुतेकांना नेमका त्या वेळी आठवतो जेव्हा तो पाळायचा नसतो.

आमचे मत स्पष्ट आहे. पहिल्या टप्प्यात (६०/९० ग्रिट) काच चालेल, दुसऱ्यात (१२०/२२०) नीट तयार केलेली काच चालेल, तिसऱ्यात (५०० किंवा ६००) फक्त कठीण दगडांबरोबर आणि फक्त निर्दोष काच, आणि पॉलिशच्या टप्प्यात काच नको.

काच निवडताना जाडी पाहावी. खिडकीची २-३ मिलिमीटरची पातळ काच भराव म्हणून जवळजवळ निरुपयोगी. चपटे तुकडे ओल्यात एकमेकांना चिकटतात, ड्रमच्या भिंतीला चिकटतात, दगडाच्या सपाट बाजूला चिकटून तेवढा भाग घासूच देत नाहीत, आणि मधोमध मोडतात. बाटलीचा तळ आणि गळा या जाड जागा उत्तम. तिथून ५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, ठोकळ्यासारखे तुकडे मिळतात. मोटारीच्या बाजूच्या खिडकीची काच फुटून लहान लहान ठोकळे होतात, ते बघितल्यावर आयता भरावच मिळाला असे वाटते. पण ती काच बनवतानाच बाहेरचा थर दाबाखाली आणि गाभा ताणाखाली ठेवलेला असतो, आणि फुटल्यावरही तुकड्यांत तो ताण थोडाफार शिल्लक राहतो. असे तुकडे ड्रममध्ये फुटतच राहतात. पुढची काच, म्हणजे विंडस्क्रीन, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. तिचा विचारही करू नये. फुलदाणीत टाकायचे चपटे रंगीत काचखडे आकाराने सोयीचे असतात, मात्र काहींवर चमकदार लेप असतो तो सोलून राडीत मिसळतो, आणि जे नीट सावकाश थंड केलेले नसतात ते एका आठवड्यात दुभंगतात.

गोट्यांविषयी वेगळे लिहावे लागेल, कारण सगळ्यात जास्त त्याच वापरल्या जातात. १६ मिलिमीटर व्यासाची गोटी सव्वापाच ग्रॅमच्या आसपास भरते. ड्रम भरण्यासाठी झटपट उपाय, धारदार कड नाही, मोजायला सोप्या. पण गोलाचा दगडाशी स्पर्श एका बिंदूत होतो, आघाताचा सगळा जोर त्या बिंदूवर येतो आणि तिथे चंद्रकोर उमटते. खळग्यात तर एवढी गोटी शिरतच नाही. शिवाय एकाच मापाचे गोल एकमेकांत जागा सोडून बसतात, फटी बुजत नाहीत. ५ ते १५ मिलिमीटरचे मिश्र मापाचे वेडेवाकडे गुळगुळीत तुकडे गोट्यांपेक्षा केव्हाही चांगले काम देतात.

काही काचा घरात आणूच नयेत. ट्यूबलाइटच्या आत पारा असतो. जुन्या फुगीर पडद्याच्या टीव्हीच्या नळीत शिसे असते, आणि ‘क्रिस्टल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जड, लखलखीत पेल्यांतही असू शकते. ड्रममध्ये काचेची पूड होते, ती राडीतून हाताला, कपड्यांना लागते. शिसे असलेली पूड करणे हा शहाणपणा नव्हे. आरशाच्या मागचा मुलामा आणि रंग, बाटलीवर भाजून छापलेली रंगीत चित्रे, यांचेही तुकडे वगळावेत. त्या रंगांतही शिसे किंवा कॅडमियम असू शकते.

काच फोडताना बाटली जाड कापडाच्या दोन-तीन पदरांत गुंडाळावी, डोळ्यांवर चष्मा, हातात चामडी मोजे, आणि हातोडीचे थोडे, मोजके घाव. जितके जास्त घाव तितक्या जास्त न दिसणाऱ्या चिरा. फोडल्यावर ५ मिलिमीटरच्या चाळणीने चाळून खालचा चुरा टाकून द्यावा, लांबट सुळके आणि पातळ पापुद्रे वेचून काढावेत.

असे ताजे तुकडे थेट दगडांत टाकू नयेत. त्यांची धार ड्रमच्या रबरी अस्तराला कापते, आणि बारीक कपची झाकणाच्या खाचेत अडकली की झाकण बसल्यासारखे दिसते पण रात्रीतून राड बाहेर झिरपते. म्हणून आधी काच एकटीच फिरवावी. ड्रम दोन तृतीयांश काचेने भरून, काचेच्या वरच्या पातळीच्या किंचित खाली राहील एवढे पाणी घालून, ६०/९० ग्रिट दर किलोला चार सपाट मोठे चमचे (चमचा १५ मिलिलिटरचा), तीन ते चार दिवस. पहिल्या २४ तासांनी उघडून जे फुटायचे ते फुटलेले काढून टाकावे. चौथ्या दिवशी तुकडे सर्व बाजूंनी एकसारखे दुधट झालेले आणि बोट फिरवल्यावर कड न लागणारे असतील. जिथे दुधटपणात चकचकीत डाग दिसेल तिथे नुकताच टवका उडाला आहे असे समजावे. तो तुकडा बाद.

यानंतरची एक चाचणी फार उपयोगी आहे आणि बहुतेक जण ती करत नाहीत. धुतलेली काच ग्रिटशिवाय, साधे पाणी आणि साबणाची चिमूट टाकून तासभर फिरवावी. ते पाणी पांढऱ्या थाळीत ओतून निवळू द्यावे आणि थाळी उजेडात तिरपी करून पाहावी. तळाशी चमचमणारे ठिपके दिसले तर काच अजून कपच्या टाकते आहे. आणखी दोन दिवस फिरवून चाचणी पुन्हा करावी. दुसऱ्या खेपेलाही ठिपके दिसले तर ती काच भरावाच्या लायकीची नाही.

प्रमाणाचे एक उदाहरण देतो. ड्रमची आतली जागा १ लिटर धरली तर माल ७०० मिलिलिटर भरायचा. त्यात काच जास्तीत जास्त एक तृतीयांश, म्हणजे २३० मिलिलिटरच्या आसपास. फटी धरून तिचे वजन साधारण ३५० ग्रॅम होते, आणि उरलेल्या जागेत ७५० ग्रॅमच्या आसपास दगड बसतात. पाणी २४० ते २५० मिलिलिटर, वरून पाहिल्यास दगडांखाली नुकते दिसेल न दिसेल इतके. ग्रिट मोजताना नेहमीची चूक होते: फक्त दगडांच्या वजनावर हिशेब केला जातो. ग्रिटला दगड कोणता आणि काच कोणती हे कळत नाही, तो दोघांनाही घासतो. हिशेब एकूण १,१०० ग्रॅमवर करावा, भरड टप्प्याला साडेचार सपाट चमचे. कमी टाकला तर चार दिवसांतच धार संपते आणि उरलेले दिवस ड्रम नुसता आवाज करतो. काच फुकट मिळाली तरी तिच्यावर खर्ची पडणारा सिलिकॉन कार्बाइड फुकट नसतो, हे ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

एक तृतीयांशाहून अधिक काच टाकण्यात दुसरा धोका आहे. काच अकिकापेक्षा कितीतरी लवकर झिजते, त्यामुळे राड वेगाने दाट होते. राड भिंतीच्या पातळ रंगासारखी असावी, बोटावरून ओघळली पाहिजे. ती चिखलासारखी झाली की दगड सुटे घसरत नाहीत, अख्खा गोळाच ड्रममध्ये मागेपुढे डोलतो. सरसर बंद होऊन घुमल्यासारखा आवाज येऊ लागला की हे ओळखावे. काच घातलेला ड्रम म्हणून तिसऱ्या दिवशी उघडून बघावा, दाट वाटल्यास दोन-तीन चमचे पाणी घालावे. एकदम जास्त घालू नये. राड पातळ झाली की ग्रिट दगडाला धरून राहत नाही आणि आघातही वाढतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत झाकण फुगलेले दिसले तर आत वायू साचला आहे, ड्रम थांबवून झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा आणि पुन्हा बंद करावा.

पहिला टप्पा सात ते दहा दिवस, दगड खडबडीत असतील तर नवा ग्रिट घालून पुन्हा तेवढाच. प्रत्येक वेळी उघडल्यावर काच वेगळी काढावी. दगडांचे एकूण वजन आणि काचेचे एकूण वजन वेगवेगळे लिहून ठेवावे. काचेच्या वजनात जी घट दिसेल तेवढी पूड राडीत गेलेली असते, आणि पुढच्या खेपेला पाणी किती वाढवायचे याचा अंदाज त्यावरून येतो. काच घातलेल्या ड्रममधली जुनी राड थोडी ठेवून पुढच्या भरण्यात वापरण्याची युक्ती मात्र इथे करू नये. त्या राडीत कपच्या असतात.

धुताना मोजे हवेतच. भरड टप्प्याच्या राडीत पापण्यांच्या केसांएवढ्या कपच्या सापडतात आणि त्या बोटात शिरल्या की दिसत नाहीत. दगड आणि काच दोन्ही चाळणीवर घेऊन वाहत्या पाण्यात नव्हे, तर बादलीतल्या पाण्यात बुडवून धुवावेत. बादलीत राड खाली बसते, वरचे निवळ पाणी झाडांना नको पण बाहेर ओतता येते, आणि तळाचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाकता येतो. मोरीत ओतलेला गाळ नळीच्या वाकणात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. गाळ वाळू देऊ नये हेही तितकेच महत्त्वाचे. काचेची पूड त्यातल्या त्यात कमी घातक, पण तिच्यात मिसळलेली गारगोटीची आणि अकिकाची पूड स्फटिकी सिलिका असते. ती कोरडी होऊन श्वासात जाणे फुप्फुसांना कायमची इजा करते.

आणखी एक बारकावा. गडद जास्पर किंवा बारीक छिद्रांचा काळा दगड काचेबरोबर फिरवला तर छिद्रांत फिकट लेप बसतो. ओला असताना दिसत नाही, वाळला की पांढरे ठिपके उमटतात. मऊ ब्रशने घासूनही ते सहजी जात नाहीत. अशा दगडांना काच टाळलेली बरी.

दुसऱ्या टप्प्यात तीच काच न्यायची असेल तर ती पहिल्याच्या शेवटी भिंगाखाली तपासावी, दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. एकही चीर दिसली तर तुकडा पहिल्या टप्प्याच्या बरणीत परत. प्रत्येक टप्प्याची काच वेगळ्या बरणीत, बरणीवर ग्रिटचा नंबर लिहून. दुसऱ्याची काच पहिल्यात मागे नेली तर काही बिघडत नाही, पहिल्याची दुसऱ्यात न तपासता नेली तर बिघडते.

तिसऱ्या टप्प्यापासून भराव म्हणून आमची पसंती वाटाण्याएवढ्या गारगोट्यांना किंवा अकिकाच्या खड्यांना आहे. कठिनता मालाइतकीच, घनता तीच, चिरा कमी, आणि दगडांबरोबर तेही प्रत्येक टप्प्यातून पुढे येत असल्याने चौथ्या टप्प्यात ते स्वतः गुळगुळीत झालेले असतात. लहान सिरॅमिक दंडगोल त्याहून बरे, पण नवे असताना त्यांची कड खरबरीत असते. नवे दंडगोल आधी दुसऱ्या टप्प्यात वापरून रुळवावे लागतात. त्यानंतर ते वर्षानुवर्षे टिकतात. तिसऱ्या टप्प्यात काच चालेल असे वर म्हटले ते फक्त तुमच्याकडे हे दोन्ही नसतील तर.

पॉलिशमध्ये मात्र सवलत नाही. काही जण म्हणतात, आमची काच चारही टप्प्यांतून गेली आहे, तिच्यावर ओरखडा नाही, मग का नको? कारण अकिकाची कड तिला त्या टप्प्यातही ठेचणार. काच ठेचली गेली की नवी कपची, नवी चीर. आणि शेवटी साबणाच्या पाण्यात दगड फिरवताना अनेक जण गरम पाणी घालतात. थंड काचेवर गरम पाणी पडले की ती तडकते आणि सगळी मेहनत अखेरच्या तासाला मातीमोल होते.

कंपनाने चालणाऱ्या, म्हणजे व्हायब्रेटरी, टम्बलरला (दगड घासण्याच्या यंत्राला) यातले काही नियम सैल लागू होतात. तिथे दगड वरून खाली पडत नाहीत, जागच्या जागी थरथरत हळूहळू गोल फिरतात, त्यामुळे काच ठेचली जाण्याचे प्रमाण कमी. भांडे मात्र जवळजवळ काठोकाठ भरावे लागते आणि पाणी फक्त दगड ओले राहतील इतकेच, तळाशी डबके साचले की घासणी थांबते. तिथे ३ ते ६ मिलिमीटरचे गोल काचमणी मधल्या टप्प्यांत बरे काम देतात. पॉलिशविषयीचे मत तिथेही तेच.

काचेलाच सुंदर करायचे असेल तर ती भराव म्हणून न वापरता वेगळ्या ड्रममध्ये फिरवावी. समुद्रात झिजल्यासारखी दुधट काच हवी असल्यास १२०/२२० मध्ये दोन ते चार दिवस पुरतात, पुढचे टप्पे लागत नाहीत. चकचकीत हवी असेल तर ५०० नंतर ॲल्युमिनियम ऑक्साइडऐवजी सेरियम ऑक्साइड घ्यावा. तो काचेच्या पृष्ठभागावर नुसता घासत नाही, रासायनिक क्रियाही करतो, म्हणूनच भिंगे पॉलिश करण्यासाठी तो वापरला जातो. या ड्रममध्ये लहान सिरॅमिकचा भराव निम्म्यापर्यंत चालतो. इथे जपायचे असते काचेला, दगडांना नाही.

ड्रम काचेतून पुन्हा दगडांकडे वळवताना झाकणाची खाच आणि रबरी कडा कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यावी. बोळ्याचे धागे जिथे अडकतील, तिथे कपची आहे.

आपले,
दगड घासण्याचा छंद असलेले काही वाचक